पाणीअधिकारी टिटवी आणि तिची काठाची शाल

एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीच्या काठावर एक टिटवी नोकरीला होती. टिटव्या कधी नोकरीला असतात का, असं विचारू नका. त्या जंगलात मोबाइलसुद्धा होते. तेव्हा मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

टिटवीचं नाव मंजुळा. आईबापांनी हौसेनं ठेवलं होतं. आवाजाचा अंदाज त्यांना तेव्हा आलेला नव्हता. पण मुलगी हुशार निघाली. सात वर्षं तिनं नद्यांचाच अभ्यास केला. पाण्याचा रंग बघून वर कुठे पाऊस पडला ते ती सांगायची. फेस बघून पाण्याचा वेग सांगायची. म्हणून वनराजांच्या कार्यालयानं तिला पाणीअधिकारी नेमलं. काम एकच होतं. रोज सकाळी मोबाइलसमोर उभं राहायचं आणि नदीची खबर साऱ्या जंगलाला लाइव्ह द्यायची.

तिच्या आधी या जागेवर बगळेकाका होते. काका वीस वर्षं एका पायावर उभे राहिले. डोळे मिटून रोज सांगायचे, "पाणी आहे." त्यांच्या छातीवर कालच्या माशाचे खवले चिकटलेले असत आणि मानेला चांगलं पोक आलं होतं. पण त्या मानेबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. माणूस अनुभवी आहे, असंच सगळे म्हणायचे.

मंजुळा पहिल्या दिवशी उभी राहिली. पाणी चार बोटं चढलंय, पिल्लांना उतारावर सोडू नका, एवढं तिनं सांगितलं. मग खाली आलेल्या कमेंट वाचायला घेतल्या. पहिलीत लिहिलं होतं की पाय फार बारीक आहेत. दुसरीत लिहिलं होतं की पाय फार पिवळे आहेत. तिसऱ्यानं विचारलं होतं, डोळ्यांपाशी एवढं लाल कशाला फासलंय, कामाला आलीय की कुणाच्या लग्नाला. ते लाल जन्मापासूनचं होतं, पण कुणाकुणाला सांगणार? एका रानडुकरानं, जो लिहिताना स्वतः कानापर्यंत चिखलात बसला होता, बाईंनी राहणी जरा टापटीप ठेवावी, असं सुचवलं. आणि एका म्हाताऱ्या घोरपडीनं विचारलं की बाई अंडी कधी घालणार. पूर्वीच्या टिटव्यांनी अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस जोराचा आहे हे जंगलाला आपोआप कळायचं. मग एवढं शिकून हिनं काय जास्तीचं केलं, असा घोरपडीचा सवाल होता.

दुसऱ्या दिवशी मंजुळा एका दगडामागे उभी राहिली, म्हणजे पाय दिसायला नकोत. तर 'पाय का लपवले' हा विषय निघाला आणि तीन दिवस चालला. ती हसली की थिल्लर ठरायची, नाही हसली की माजलेली. हळूहळू तिला बघणाऱ्यांची संख्या खूप वाढली. कार्यालय यावर खूष होतं.

कार्यालयाचे सचिव कोल्हेसाहेब. त्यांनी तिला एकदा बोलावून घेतलं आणि प्रेमानं समजावलं. तुमच्या अभ्यासाबद्दल आमची काहीच तक्रार नाही, पण बघणाऱ्याला सकाळी सकाळी प्रसन्न वाटलं पाहिजे, तेव्हा पूर सांगताना जरा हसत चला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मंजुळानं विचारलं, बगळेकाकांना हे कधी सांगितलं होतं का?

"काकांचं वेगळं होतं," कोल्हेसाहेब म्हणाले.

वेगळं काय होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्यांना पुढची मीटिंग होती.

आता या नदीच्या एका वळणाशी खालचं कुरण म्हणून जागा होती. गवत गोड, माती मऊ. ससे, मुंगसं, साळिंदरं अशा बिळात राहणाऱ्यांचे तिथे दीडशे संसार होते. एका बुधवारी सकाळी मंजुळा नदीवर गेली तर पाण्याला विटकरी रंग आला होता आणि वाळूत रोवलेली तिची खुणेची काठी हातभर बुडाली होती. तिनं दोनदा मोजलं, तीनदा ताडून पाहिलं. उत्तर तेच आलं. शनिवारी दुपारी नदी कुरणात शिरणार, सगळी बिळं तोंडापर्यंत भरणार, आणि बिळांत पिल्लं होती. मंजुळा घाबरली. शिकलेली असली तरी घाबरलीच.

त्या दिवशी तिनं दगडबिगड काही बघितला नाही. होती तशी मोबाइलसमोर उभी राहिली. शनिवारी दुपारी खालचं कुरण बुडणार आहे, हात जोडून सांगते, त्याआधी टेकडीवर जा, असं तिनं दोनदा सांगितलं.

त्या दिवशी अकराशे त्रेचाळीस कमेंट आल्या. मंजुळानं एकूणएक वाचल्या. मानेची पिसं विस्कटलेली आहेत, ही तक्रार बहुतेकांची होती. रडवेला चेहरा हिला शोभत नाही, असं काहींचं मत होतं, आणि उलट असंच छान दिसते, असं बाकीच्यांचं. त्यावरून दोन वानरांची जुंपली आणि ती चारशे कमेंट चालली. पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिला वाटलं, कमेंट काहीही असोत, ऐकलं तर असेल. खात्री करायला ती स्वतःच कुरणात गेली. तिथे गोदूताई सशीण बिळापुढे गवत वाळत घालत होती. सात पिल्लं अंगणात लोळत होती. गोदूताईनं मंजुळाला बघितलं आणि तिला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला.

"अगं बाई, तू समोरून किती बरी दिसतेस. मोबाइलवर उगाच रोडावल्यासारखी वाटतेस," ती म्हणाली.

मंजुळानं विचारलं, आजचं लाइव्ह बघितलं का? गोदूताई म्हणाली, एक दिवस चुकवत नाही. मग आवराआवर का नाही केली, असं मंजुळानं विचारल्यावर कसली आवराआवर ते गोदूताईला काही कळेना. शेवटी ती जरा ओशाळली आणि हळूच म्हणाली, "राग मानू नकोस हं. आम्ही आवाज बंद करून बघतो. पिल्लं झोपलेली असतात, आणि तुझा आवाजही जरा तसाच आहे. शिवाय तुला बघायला आवाज कशाला लागतो गं?"

मग मंजुळानं गोदूताईला सगळं समजावून सांगितलं. रंग, वेग, काठी, शनिवार. गोदूताईनं मन लावून ऐकून घेतलं, पण मान काही हलवली नाही. "तू खोटं कशाला बोलशील? पण एवढ्या जणांनी बघितलं, एवढ्या कमेंट आल्या. खरंच पूर येणार असता तर एकानं तरी लिहिलं असतं की."

मंजुळा आणखी दहा बिळांवर गेली. दहाही ठिकाणी आवाज बंदच होता. एका साळिंदराला तर ती पाण्याबद्दल बोलते हेच माहीत नव्हतं; त्याला वाटत होतं, बाई गाणी म्हणतात.

परत येताना मंजुळा रडली. सात वर्षं गेली, डोळे गेले, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून पाय गेले, आणि त्या पायांचा रंग तेवढा जंगलाला ठाऊक होता. रडून झाल्यावर तिला राग आला. सणसणीत राग आला. आणि त्या रागातच तिच्या डोक्यात आलं की यांना बघायचंच आहे ना, तर बघू देत.

शिंपीण नावाची एक चिमुकली पाखरीण झाडावर पानं शिवत असे. गुरुवारी सकाळी मंजुळा तिच्याकडे गेली आणि एका दिवसात शाल शिवून मागितली. मोरपंखी रंगाची, लाल काठाची. काठावर काय भरायचं ते तिनं पानावर लिहून दिलं. शिंपिणीनं ते वाचलं आणि अक्षरं मोठी घालू का, असं विचारलं.

"मोठी नको. मोठी घातलीस तर त्यांना ती सूचना वाटेल, आणि सूचना कुणी वाचत नाही," मंजुळा म्हणाली. "बारीक घाल, काठाच्या नक्षीत. म्हणजे सगळे मोठं करकरून बघतील."

शुक्रवारी सकाळी मंजुळा शाल पांघरून मोबाइलसमोर उभी राहिली. तोंडातून शब्द काढला नाही. सावकाश डावीकडे वळली, सावकाश उजवीकडे वळली, आणि कोल्हेसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे प्रसन्न हसली.

जंगलात हलकल्लोळ झाला. सरकारी कामाला असली शाल शोभते का, यावर पहिली पाचशे जणं तुटून पडली. मोर हा कपड्यालत्त्यातला जाणकार. काठ हातानं भरलेला नाही, हे सिद्ध करायला त्यानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि नक्षीत अक्षरं आहेत असं जाहीर केलं. मग सगळ्यांनीच मोठं केलं. काठावर लिहिलं होतं, 'शनिवारी दुपारी खालचं कुरण बुडणार. पिल्लं घेऊन आजच टेकडीवर जा.' रानडुकरानं लिहिलं, मजकूर नकारात्मक आहे, त्यापेक्षा वेलबुट्टी शोभली असती. वानरांचं म्हणणं पडलं की अक्षरं डाव्या खांद्यावर नीट बसलेली नाहीत.

पण टीका करायची तर वाचावं लागतं, मुलांनो. एकेकानं तो काठ सात-सात वेळा वाचला. सातव्यांदा वाचताना त्याचा अर्थ डोक्यात शिरू लागला. सगळ्यात आधी तो गोदूताईच्या डोक्यात शिरला. तिनं दोन पिल्लं तोंडात धरली, पाच पुढे घातली आणि टेकडीची वाट धरली. तिला बघून शेजारची मुंगसं निघाली. संध्याकाळपर्यंत कुरण रिकामं झालं. काही जण आपले टेकडीवर रेंज चांगली मिळते म्हणून गेले, पण गेले.

शनिवारी दुपारी नदी आली. विटकरी, फेसाळ, मोडक्या झाडांसकट आली. घटकाभरात कुरण दिसेनासं झालं. मंजुळा टेकडीवर उभी राहून डोकी मोजत होती. दीडशे संसार, एकही डोकं कमी नाही. गोदूताईची सातही पिल्लं होती. मंजुळाला इतकं हायसं वाटलं की ती उभ्या उभ्या हसली, आणि ते हसू कुणी टिपलं नाही, कारण सगळे पुराचे फोटो काढत होते.

पुढच्या रविवारी टेकडीवर वनराजांच्या हस्ते सत्कार झाला. इशारा सर्वप्रथम वाचल्याबद्दल मोराला पूरनियंत्रण समितीचं अध्यक्षपद मिळालं. रानडुक्कर आणि दोन्ही वानरं सदस्य झाली. कोल्हेसाहेबांनी भाषणात सांगितलं की वेळीच दिलेल्या मार्गदर्शनामुळे कार्यालयाला हे यश मिळालं. आणि मंजुळाला 'उत्कृष्ट पेहराव' हा पुरस्कार देण्यात आला. टाळ्या भरपूर पडल्या, आणि त्या मनापासून होत्या, यातच तर सगळी गंमत आहे.

मग तिला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. तीच शाल पांघरून मंजुळा पुढे आली. पाणी ओसरलं म्हणून घाईनं कुरणात परतू नका, वरच्या अंगाला माणसांनी बांधलेलं धरण भरलंय, आठ दिवसांत नदी पुन्हा येणार आहे, असं तिनं स्वच्छ शब्दांत सांगितलं. समोर शेकडो मोबाइल वर झाले. सगळे तिच्याकडेच बघत होते, फार कौतुकानं बघत होते.

पहिल्या रांगेत गोदूताई बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं हातानं खूण केली आणि जीव तोडून सांगितलं, "मंजुळा, बाई, बोलणं पुरे कर. जरा डावीकडे वळ, काठ दिसत नाहीये."

मंजुळा डावीकडे वळली.

तात्पर्य : मुलींनो, भरपूर शिका. नदीच्या तळापर्यंत जा. आणि तिथे जे कळेल ते काठावर भरून घ्या, कारण तोंडानं सांगितलेलं ऐकायची सोय अजून झालेली नाही. मुलग्यांसाठी या गोष्टीत वेगळं तात्पर्य नाही. ते नुसते उभे राहिले तरी चालतं.