अण्णांची विहीर

राग आला की आमचे शेजारी अण्णा हातात असेल ती वस्तू विहिरीत फेकत. हातात काही नसेल तर आधी घरात जाऊन काहीतरी घेऊन येत. निरगुडसरला त्यांचा मळा आमच्या बांधाला लागूनच, त्यामुळे 'डुबुक' ऐकू आलं की काय गेलं असेल याचा अंदाज आम्ही बसल्या जागी बांधायचो.

मोटारीचा नट सुटेना म्हणून त्यांनी पान्हा फेकला. मग पान्ह्यावाचून नट सुटणार कसा, या विचाराने आणखी भडकले आणि नवा स्टार्टर फेकला. क्रिकेटच्या ऐन रंगात आलेल्या सामन्यात रेडिओ गेला. राग ओसरला की मात्र अण्णा अगदी गरीब चेहरा करून मला म्हणत, "आता काय करू मास्तर? हात सुटला."

सगळ्यात गाजला तो जावयाचा मोबाईल. जावई धोंड्याच्या जेवणाला आलेला, खिशात नवाकोरा मोबाईल. अण्णांनी हौसेनं मुलीला फोन लावायला घेतला. आतली बाई म्हणाली, ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. मुलगी समोरच पुरण वाढत होती! "ही माझ्या घरात हाय, आन ती भवानी म्हंती भाईर हाय!" डुबुक. जावई बिचारा ताटावरून उठलासुद्धा नाही, पण त्याचा घास तोंडातच राहिला.

वस्तू पडली की साळूकाकी दोर घेऊन येत. विहिरीला अर्ध्यापर्यंतच पायऱ्या. काकी नवऱ्याच्या कमरेला दोर बांधत, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून काठावर, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या दगडावर बसत, मांडीवरचा पितळी डबा उघडून पान लावत आणि अण्णा बुड्या मारत असेपर्यंत वरून गर्जत असत. "बुडवा! समदं घर बुडवा, मंग मलाबी बुडवा! घावलं का न्हाई?" हा आवाज वेशीपर्यंत जायचा.

त्या काकी गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला होता. अण्णा आळेफाट्याला विहिरीवरची जळालेली मोटार भरून आणायला गेले होते, परत येईपर्यंत सगळं संपलेलं. अण्णा रडले नाहीत. "मी येस्तवर थांबायला काय झालं व्हतं हिला?" एवढंच दात-ओठ खाऊन म्हणत राहिले.

तेराव्याला पंगत बसली होती. कुणीतरी काकींचा पानाचा डबा आणून अण्णांच्या हाती दिला. अण्णा उठले, तरातरा विहिरीवर गेले आणि डबा फेकून आले. या खेपेला 'हात सुटला' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून बघितलं, तर अण्णा विहिरीच्या काठावर उभे. कमरेला दोर बांधलेला, दुसरं टोक हातात. ते टोक कुणाला द्यावं हे त्यांना कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन टोक घेतलं.

"तेवढा डबा पायजे मास्तर," ते म्हणाले. "त्याच्याबिगर घरात बसवंना."

विहीर काठोकाठ नसली तरी पावसाळ्यामुळे चांगलीच भरलेली. एक बुडी रिकामी, दुसरीही रिकामी. मग अण्णा खालच्या पायरीला धरून नुसतेच थांबले.

"दमलात का?"

"न्हाई. वरनं आवाजच न्हाई. शिव्या द्या की."

मी घसा खाकरला. "अण्णा, तुम्हाला हे शोभत नाही."

"आवो, ही शिवी व्हय? शाळंतलं नगं. तिचं बोला!"

मी दोर कमरेला गुंडाळला, थारोळ्यावर बसलो आणि लाज सोडून बोंबललो, "बुडवा! समदं घर बुडवा, मंग मलाबी बुडवा! घावलं का न्हाई?"

खाली अण्णा खळखळून हसले. हसता हसता हुंदके देऊ लागले. मग त्यांनी बुडी मारली.

दोराला असा हिसका बसला की मी थारोळ्यावरून घसरत काठापर्यंत गेलो. वाकून बघतो तर अण्णा वर आलेले, सगळा भार दोरावर टाकून पाण्यात लोंबकळताहेत, दोन्ही हातांनी डबा छातीशी धरलेला.

"अण्णा, एक हात तरी दोराला लावा! मीच येतोय खाली!"

"लावणार न्हाई," खालून उत्तर आलं. "परत सुटंल."