जांभळ्या उजेडातली मिनाको

बाहेर आमच्या उत्तर जपानातल्या अकिताचा बर्फ कमरेइतका साचू दे, आमच्या घरात कुरकुरीत लेट्यूस पिकणार म्हणजे पिकणार! बायकोसमोर मी छाती फुगवून तसं जाहीर केलं.

"कुंडीतला निवडुंगसुद्धा वाळवलात तुम्ही!" सायोको म्हणाली.

मी लक्षच दिलं नाही. पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटातून गाद्या बाहेर काढल्या, आत उन्हाऐवजी जांभळे दिवे लावले, पाण्याच्या ट्रेत रोपं मांडली. त्यांना जुनी गाणी ऐकवायचो. नावंही दिली होती. "मिनाको, मान वर कर! शिझुए, किती गं नाजूक तू!" भिंती आमच्या कागदासारख्या पातळ, हे ध्यानातच आलं नाही.

पानं तरारली आणि बिल्डिंगची नजर बदलली. जिन्यात बायका मला पाहून गप्प व्हायच्या. पुरुष मात्र भलतेच प्रेमात! एकेक जण व्हिस्कीची बाटली घेऊन दारात. बाटलीच्या गळ्यात स्वतःच्या नावाची चिठ्ठी. आमच्याकडे वर्षअखेरीला भेटी देतात, त्यांवर देणाऱ्याचं नाव असतंच, म्हणून मी वाकून वाकून आभार मानत बाटल्या सायोकोच्या हाती देत होतो आणि परतभेट म्हणून लेट्यूसची जुडी देत होतो.

खालच्या मजल्यावरच्या ओइकावांनी जुडी घेतली आणि डोळा मारला. "मिनाको कधी भेटेल?"

"कोवळी आहे हो अजून. जरा वाढू दे, मग कापतो!"

त्यांच्या हातून जुडी पडली.

संध्याकाळी बिल्डिंगच्या समितीच्या प्रमुख त्सुकादाबाई हजर! "जांभळा उजेड, गाणी, बायकांची नावं! घरात बार उघडलात ना? मालकांना कळवते. जागा सोडावी लागेल!"

इतक्या वर्षांचं घर! धावत जाऊन कपाट उघडलं. "ही मिनाको. ही शिझुए. खाऊन बघा!"

बाईंनी पान चावलं. कर्रकन आवाज आला. चेहरा निवळला. "माफ करा हं. उगाच संशय घेतला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं! पण नाही. "अहो, शेजाऱ्यांना आमची किती किंमत आहे ते बघा!" म्हणत मी बाटल्यांचं फडताळ उघडलं.

"या भेटी नाहीत," बाई थंडपणे म्हणाल्या. "बारमध्ये गिऱ्हाइकं आपापल्या नावाची बाटली ठेवून जातात, तशा आहेत या." त्या एकेक चिठ्ठी वाचू लागल्या. शेवटच्या बाटलीपाशी थबकल्या.

"हे तर आमचे हे!"

"ती मी घेतली," सायोको हळूच म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेला होतात."

आमचं घर वाचलं. त्सुकादाबाईंचे यजमान मात्र सध्या आमच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहतात. जांभळ्या उजेडात झोप लागत नाही म्हणून रोज कुरकुरतात. कुरकुरू देत! मिनाकोसाठी दिवा चालू ठेवावाच लागतो.