ढगे सरांचा सातवा गडी

आमच्या पूर्णेच्या कॉलेजच्या मैदानावर ‘कबड्डी’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. खेळ मात्र तोच चालायचा. बंदी घातली होती क्रीडाशिक्षक ढगे सरांनी, आणि तिचा हिसका मला नोकरीवर रुजू व्हायला आलो त्याच दिवशी बसला.

दिवेलागणीला स्टेशनवरून खोलीकडं निघालो होतो. मैदानावर धुरळा, माणसं ओळखू येत नव्हती. त्या धुरळ्यातून एक घोगरा आवाज श्वास न घेता घुमत आला, "सार्वभौमत्व म्हणजे राज्याची सर्वोच्च सत्ता सार्वभौमत्व म्हणजे राज्याची..." मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक, पण त्या व्याख्येनं माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या बायका तर त्या वेळी मैदानाकडची खिडकीच लावून घेत. कुणीतरी मास्तर पोर्शन पुरा व्हायच्या आधीच वारला असावा, अशी त्यांची समजूत होती.

सकाळी उलगडा झाला. चढाईला जाणाऱ्या गड्यानं ‘कबड्डी’ऐवजी अभ्यासातलं उत्तर घुमवायचं, असा सरांचा कायदा होता. दम टिकेल तेवढं पाठ. नामांतरावरून बंद झाला, परीक्षा पुढं ढकलल्या, की सर सराव वाढवत. "गुडघा जाणार हाय," ते प्रत्येक पोराला सांगत, "विद्यापीठाची डिग्री जात न्हाई." आम्हाला चहा पाजतानाही ते आमच्या गुडघ्यांकडं बघून हळहळत.

एकदा अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला आमचा गडी भान विसरला आणि ‘लोकशाहीचे गुण’ घुमवत समोरच्या अंगणात शिरला. पंचांनी शिट्टी फुंकली. गुण गेला, पाठोपाठ चषकही गेला. प्राचार्य लालबुंद झाले आणि सरांनी पेढे वाटले. पोरानं एकही गुण गाळला नाही, हे ते पुढं आठवडाभर सांगत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना नुसतं विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. पण सरावाच्या वेळी आमच्या बाजूचा डावा कोपरा कायम रिकामा असे. सहाच गडी उभे राहत. कुणी चुकून तिकडं सरकला, तर सर त्याला हाताला धरून बाजूला करत. आणि मधूनच त्या रिकाम्या जागेला म्हणत, "सोपान, ध्यान दे." पोरं माना खाली घालत. खरं सांगायचं तर मीही दुसरीकडंच बघत असे.

सोपानची हकीकत मला स्टाफरूममध्ये कळली. सरांचा सगळ्यात लाडका गडी. विद्यापीठाच्या संघातून खेळायचा. स्पर्धा नेमक्या परीक्षेच्या तोंडावर यायच्या आणि सर त्याला पेपर बुडवून घेऊन जायचे. मग गुडघा मोडला. खेळ गेला, आणि पदवी नाही म्हणून हातातोंडाशी आलेली कारकुनाची नोकरीही गेली. पुढं काय झालं ते कुणी सांगेना. तेव्हा मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला.

त्यामुळं एका संध्याकाळी, सराव सुटल्यावर, डाव्या कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं दिसलं तेव्हा माझे पाय जागीच खिळले. धिप्पाड अंग, मान खाली, एक पाय लांब पसरलेला. सर त्याच्याभोवती वाकून घुमत होते, आणि तो त्यांच्यामागून तेच शब्द, त्याच सुरात घुमवत होता.

मग त्यानं बिडी पेटवली. भुतं बिडी ओढत नसावीत, या विचारानं मला जरा धीर आला.

तो सोपानच होता. ताडकळसच्या बाजारात हमाली करायचा, आणि बाजार उरकला की बसनं इकडं यायचा. परीक्षेला त्याला बाहेरून बसवायचं सगळं दरसाल सरच करत. सर पाणी प्यायला नळाकडं गेले तसं मी त्याला विचारलं, एवढं पाठ असून तुम्ही नापास कसे होता?

"पेपर कोराच देतो मी," तो शांतपणे म्हणाला. "आता या वयात डिग्री बघून मला कोण नोकरीला ठिवायलंय? पण पास झालो की सरांचं काम संपलं. लगीन न्हाई, लेकरू न्हाई. मग संध्याकाळचं त्यांनी कुठं जावं?"

सर ओले हात पँटला पुसत परत आले. इतके खुशीत मी त्यांना कॉलेजात कधीच पाहिलं नव्हतं.

"यंदा निघतोय बघा आमचा सोपान," ते मला म्हणाले. "लय तयारी झालीय त्याची."

सोपाननं माझ्याकडं पाहिलं.

"यंदा नक्की, सर," मी म्हणालो.