महाराजांच्या नाकावरचा उतारा

एका जंगलात (आपल्या नव्हे, बाळांनो, उगीच एकमेकांकडे बघू नका) एक कचेरी होती. कचेरीत एक संगणक होता आणि संगणकापुढे चिमाजी नावाचा वानर बसायचा. जंगलातल्या सगळ्या बिळांचे, गुहांचे आणि ढोल्यांचे उतारे त्या संगणकात होते. कुठलं बीळ कुणाचं, ते उताऱ्यावरून ठरायचं.

एकदा सिंहमहाराजांचा वाढदिवस आला. कारभारी कोल्ह्याने हुकूम काढला, "संगणकाच्या पडद्यावर महाराजांचा फोटो लावा. मोठा लावा."

चिमाजीने लावला. पडदाभर नुसता चेहरा. कोल्हा कौतुकाने बघायला आला आणि किंचाळलाच.

"अरे, महाराजांच्या कपाळावर कचरापेटी!"

खरंच होती. शिवाय डाव्या नाकपुडीवर 'उतारे' नावाचा फोल्डर बसला होता.

चिमाजीने माउसने कचरापेटी बाजूला ओढली. ती आपली परत रांगेत, कपाळावर. चार वेळा ओढली, चार वेळा परत आली. शेवटी वैतागून त्याने सगळे आयकॉनच लपवून टाकले. महाराजांचा चेहरा लख्ख झाला. कोल्ह्याने चिमाजीच्या गळ्यात हार घातला.

दुसऱ्या दिवशी साळूबाई साळिंदर कचेरीत आली. तिला तीन पिल्लं होती आणि तिच्या बिळावर तरसाने हक्क सांगितला होता. हा तरस जंगलाचा शिपाईही होता, म्हणून त्याला जास्तच जोर. बुधवारी दुपारी बाराच्या आत उतारा दाखवला तर बीळ साळूबाईचं, नाहीतर तरसाचं.

"चिमाजीभाऊ, माझा उतारा आहे ना?"

"आहे की."

"मग द्या."

"दिसत नाही."

"दिसत नाही, तर आहे कशावरून?"

"परवापर्यंत दिसत होता. महाराजांच्या नाकामागे आहे."

साळूबाई शहाणी होती. तिच्या भाच्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. ती म्हणाली, "अहो, मग राइट क्लिक करा. आयकॉन दाखवा, असं येईल. तिथे खूण करा. झालं!"

चिमाजीचा चेहरा पडला. "क्लिक कुठे करू, बाई? इथे डोळा, इथे ओठ. महाराजांना टोचायचं होय?"

"आयाळीवर करा. केसांना काय कळतंय?"

हे कोल्ह्याने ऐकलं. लगेच बैठक बोलावली. बैठक तीन तास चालली आणि केळी संपल्यावर संपली. ठरलं असं की, फोटोच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो जरा आवरावा, म्हणजे टोचायला मोकळी जागा मिळेल. सेटिंगची वाट खालच्या पट्टीतून होती, महाराजांच्या हनुवटीच्या खालून, त्यामुळे त्याला हरकत नव्हती. उताऱ्यांकडे जायची दुसरी वाट असेलही, पण चिमाजीला ती कुणी शिकवली नव्हती.

फोटो मध्यभागी घेतला. महाराज उंदराएवढे झाले. "राजद्रोह!" कोल्हा ओरडला.

फोटो आडवा ताणला. महाराजांचा भोपळा झाला. "हा तर त्याहून मोठा राजद्रोह!"

चिमाजीने घाबरून तिसरंच काहीतरी दाबलं. पडद्यावर फरश्या बसवाव्यात तसे ओळीने बारा महाराज उमटले. आणि नेमके त्याच वेळी महाराज स्वतः दारात.

त्यांनी पंजाच्या नखांवर मोजलं.

"हे बारा कोण?"

"आपणच, महाराज," कोल्हा म्हणाला.

"मी एक आहे. बाकीचे अकरा कोण?"

महाराज गरजले, "माझ्या गादीला अकरा तोतये! हा पुरावा आहे. पडद्याला कुणी हात लावायचा नाही! तरसा, या तोंडाचा जो कुणी सिंह दिसेल त्याला अंधारकोठडीत टाक!"

तरस फार आज्ञाधारक होता. संध्याकाळी ओढ्यावर त्याला एक सिंह पाणी पिताना दिसला. तोंड हुबेहूब जुळलं.

"अरे मूर्खा, मी राजा आहे!"

"बाराही तेच म्हणणार," तरस म्हणाला, आणि त्याने त्याला कोठडीत टाकलं.

आता हसू नका, बाळांनो. साळूबाईचं काय झालं, ते आधी ऐका. मला त्या कोल्ह्याचा अजून राग येतो.

बुधवारी सकाळी साळूबाई पिल्लांना घेऊन कचेरीत आली. तिच्यामागे, गळ्यात दोरी बांधलेले महाराज रांगेत उभे राहिले. कोल्ह्याने सवलत दिली होती. राजगुहेचा उतारा आणला तर राजा, नाहीतर तोतया.

"आमचा उतारा आहे ना?" महाराजांनी विचारलं.

"आहे," चिमाजी म्हणाला. "महाराजांच्या नाकामागे."

"मग मार टिचकी! माझ्या नाकावर मार, डोळ्यावर मार, कुठेही मार!"

चिमाजीने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने मान हलवली. "खरे महाराज असं कधीच बोलले नसते," तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळून त्याने बारा वेळा मुजरा केला.

पडद्याच्या कोपऱ्यात बारा वाजले. तरस मिशांवरून पंजा फिरवत बिळाकडे निघून गेला.

साळूबाई पायरीवर बसून रडली. पिल्लं तिला बिलगली. बिलगताना टोचतं, पण साळिंदरांना त्याची सवय असते. महाराज दोरीसकट शेजारी बसले. त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी रडताना इतक्या जवळून पाहिलं होतं.

"कोठडी कशी आहे हो तुमची?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ओलसर आहे. पण मोठी आहे."

"आत यायला उतारा लागतो?"

महाराजांनी विचार केला. "नाही. तिथे कुणीच मागत नाही."

ती उठली, पिल्लांना पुढे घातलं आणि महाराजांच्या मागोमाग कोठडीकडे चालू लागली.

तात्पर्य: बाळांनो, संगणक अडला तर लगेच बटणं दाबत सुटू नये. आधी पडद्यावर फोटो कुणाचा आहे ते बघावं. दुसऱ्याचा असेल, तर नमस्कार करून घरी जावं, घर अजून असेल तर. आणि आपलाच असेल, तर त्याच दिवशी जंगल सोडावं.