टिटवीची अंडी आणि अर्जुनरावांचा सुभेदार

"कुत्रं बांधावं लागतं ते मालकाला अक्कल नसली तर! माजा सुभेदार माज्या डोळ्याच्या इशाऱ्याबाहेर जायचा न्हाई!" कुरुळीच्या चावडीवर अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली. गंमत अशी, की गावातली यच्चयावत कुत्री बांधायचा ठराव चार दिवसांपूर्वी त्यांनीच मांडला होता!

ठराव साधा होता. गायरान सगळ्या गावाचं. वैशाखात तिथं टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उंचवट्यावर घातली तर पाऊस दणकून, खोलगटात घातली तर बेताचा, असा कुरुळीचा ठाम विश्वास. कुठल्या रानात काय पेरायचं ते त्यावर ठरायचं. गेल्या साली पंच बघायला जायच्या आत कुणाच्या तरी कुत्र्यानं अंडी फस्त केली आणि गावानं आपलं अंदाजपंचे पेरलं. म्हणून यंदा अर्जुनरावांनी बोट नाचवून सांगितलं होतं, "कुत्रं दाव्यालाच बांधायचं, गायरानात न्यायचं तरी! ज्याच्यामुळं अंडी मोडतील त्यानं मृग लागंपर्यंत तिथं दिवसभर राखण करायची. मग तो कुनी का असंना!"

पंधरा दिवसांवर सरपंचाची निवड आली होती आणि आताचे सरपंच बबनराव यांची खुर्ची अर्जुनरावांच्या स्वप्नात यायला लागली होती. दवंडी पिटली गेली. लोकांनी दावी, कासरे, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, हाताला लागेल ते कुत्र्यांच्या गळ्यात अडकवलं. मोकळा हिंडत होता तो फक्त सुभेदार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"का व्हय अर्जुनराव," गोजाबाईनं भर चावडीवर विचारलं. गायरानाच्या कडेला एकटी राहणारी ही बाई कुणाच्या बापाला भीत नसे. "माजी चांदणी चार दिस दाव्याला हाय. तुमचं धूड मोकळं कसं?"

"गोजाबाई, सुभेदार कुत्रं न्हाई. घरातला मानूस हाय त्यो."

"मग सरपंचाला त्यालाच उभा करा की!"

चावडी खदखदून हसली. बबनराव मिशीतल्या मिशीत हसले, ते अर्जुनरावांना जास्त झोंबलं.

"उद्या पंच अंडी बघाय जातील तवा बांधून आनतो त्याला! बघा म्हनावं शिस्त कशी असती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव गायरानाच्या कडेला जमलं. अर्जुनराव आले ते धुतलेल्या धोतरात, गुलाबी फेट्यात. सुभेदाराच्या गळ्यात चाकणच्या बाजारातलं कोरं दावं. दाव्याचं दुसरं टोक मात्र अर्जुनरावांच्या हातात नव्हतं. मतदारांना नमस्कार करायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी ते कमरेला तीन वेढे देऊन करकचून बांधलं होतं!

"हातात धरा, अर्जुनराव," बबनराव म्हणाले. "जनावर हाय ते."

"हातात दावं धरून हिंडायला मी काय गुराखी हाय?"

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून ससा उठला.

सुभेदारानं डोळ्याच्या इशाऱ्याची वाट बघितली नाही. "सुभेदार! बस! आरं बस की!" अर्जुनराव ओरडले. सुभेदार बसला नाही. अर्जुनराव आधी चार पावलं पळाले, मग पालथे पडले, मग उताणे झाले आणि कुळव ओढावा तसे ढेकळांतून ओढले गेले. गुलाबी फेटा बोरीला लटकला. शेवटी दावं तुटलं, सुभेदार सशामागं दिसेनासा झाला आणि अर्जुनराव धप्पकन बसते झाले. बुडाखाली काहीतरी पचकलं. डोक्यावर टिटवी गळा काढून ओरडायला लागली.

बबनराव धापा टाकत धावत आले. "अर्जुनराव, उठू नका! जागचं हलू नका!"

अर्जुनरावांना गहिवरून आलं. वैरी असून केवढी ही माया! "न्हाई, फारसं लागलं न्हाई मला..."

"ते ऱ्हाऊ द्या! मारुतराव, बघा बघा, हे बसलेत कुठं? उंचवट्यावर का खोलगटात?"

म्हातारे मारुतराव गावातले जाणते. त्यांनी अर्जुनरावांभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं आणि हात वर केला. "उंचवट्यावर! यंदा पाऊस दणकून!"

गावानं एकच कल्ला केला. टोप्या उडाल्या. सगळी कुत्री बांधलेल्या जागी भुंकली. अर्जुनरावांनाही वाटलं, सुटलो! धोतराचा पिवळा भाग हातानं झाकत ते हळूच उठले.

"पाऊस पडंल तवा पडंल," गोजाबाई म्हणाली. "अंडी मोडली त्याचं काय? ठराव हाय न्हवं?"

अर्जुनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मृगापर्यंत राखण म्हणजे निवडणूक गेली खड्ड्यात! ते तावातावानं ओरडले, "माज्या कुत्र्याला नाव ठेवायचं न्हाई! सुभेदारानं अंड्याला तोंडसुदीक लावलं न्हाई! त्यो तर कवाच म्होरं गेला हुता! समद्यांनी बघितलंय!"

"बघितलंय की," गोजाबाई म्हणाली. "मग मोडली कुनी?"

अर्जुनरावांनी मान वळवून आपल्याच पिवळ्या धोतराकडं बघितलं.

बबनराव पुन्हा बिनविरोध सरपंच झाले. टिटवीनं पुन्हा अंडी घातली. अर्जुनराव जरा जवळ गेले, की ती त्यांच्या टाळूवर झडप घालायची. सुभेदार घरी पडवीत सावलीला पडून असायचा, आणि अर्जुनराव हातात काठी घेऊन बाभळीखाली, रणरणत्या उन्हात.

एके दुपारी गोजाबाई तिथून चालली होती, चांदणीचं दावं मनगटाला गुंडाळून. अर्जुनरावांना बघून चांदणी गुरगुरली.

"उगी गं बाई," गोजाबाईनं तिला थोपटलं. "ठरावानं बांधल्याला हाय त्यो. चावायचा न्हाई."