दहा पंचवीसचे बाउमानकाका

सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटांनी बाउमानकाकांनी कोट चढवला, बॅग उचलली आणि ते डब्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. छापील वेळापत्रकाप्रमाणे दहा पंचवीसला सिअ‍ॅटल यायचं होतं. बाहेर बर्फाने भरलेल्या सफरचंदांच्या बागा होत्या, आणि आमची गाडी तासभर एका जागी ठप्प. सिअ‍ॅटल अजून पाच तास लांब!

आदला अख्खा दिवस हेच. पाय मोकळे करायला म्हणून हा माणूस प्रत्येक स्टेशनाच्या छापील वेळेला दाराशी हजर, आणि स्टेशन गैरहजर.

मी मिनेसोटात चढलो होतो. ईडन प्रेरीतली नोकरी गेलेली, सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला इंटरव्ह्यू, आणि त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या टॉवर्सवर विमानं आदळल्यापासून विमानाचं नाव काढलं तरी बायको रडायची. काका स्वित्झर्लंडचे, रिटायर्ड स्टेशनमास्तर. टुरिस्ट पास काढून रेल्वेने अमेरिका बघत होते. शिकागोत हॉटेलवर भाच्याचा फोन आला: आई सिअ‍ॅटलच्या हॉस्पिटलात आहे, शेवटचं चाललंय, लगेच या. काकांनी वेळापत्रक उघडलं आणि सख्ख्या बहिणीसाठी निरोप दिला, "परवा, दहा पंचवीस."

"आता का थांबलो?" त्यांनी दारातून विचारलं.

"मक्याच्या मालगाडीला पुढे सोडतायत."

"माणसं थांबणार आणि मका पुढे जाणार?"

"अरे बाप्पा, काका, आमच्या नागपूरला पाच तास लेट म्हटलं की माणूस घरी जेवून, झोप काढून निघतो."

ते हसले नाहीत. "छापलंय ना, मिस्टर देशमुख? छापलं म्हणजे शब्द दिला."

त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, आदल्या दिवशी माझ्याच मोबाइलवरून त्यांनी भाच्याला माझा नंबर दिला होता. पावणेअकराला तो वाजला. भाचा म्हणाला, "मामाला सांगा, आई आत्ताच गेली."

मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. वाईटच सांगितलं असणार.

"विमानाने गेला असता तर..." माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली, पण काय उपयोग!

"विमान होतं," काका म्हणाले. "त्याच संध्याकाळी पोचलो असतो. पण तेवीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो. चूक माझी होती. माफी कशी मागायची, ते ठरवायला मला दोन दिवस हवे होते."

"मग? ठरलं?"

"काल संध्याकाळीच."

आणि बॅग खाली ठेवून ते बोलायला लागले. माझ्याकडे बघत, त्यांच्या भाषेत, सावकाश. मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच ते थांबायचे, समोरून काहीतरी येईल म्हणून वाट बघायचे. मला फार भरून आलं. मी त्यांचा हात धरला आणि ते थांबले की दर वेळी "हं" म्हणत राहिलो. कुणीतरी म्हणायला हवं होतं.