चिमीला कोण घेणार?

“ऑफिसातून लगेच निघ,” आई फोनवर दबक्या आवाजात म्हणाली. “बाबांचं एक प्रकरण निघालंय.”

मुलगी दचकली. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि हयातीत त्यांच्या नावावर एकही प्रकरण नव्हतं. “कसलं प्रकरण?”

“मुलगी आहे.”

“म्हणजे, मी?”

“दुसरी!” मागून आत्या ओरडली.

झालं होतं ते असं. आई हल्ली दुपारी बाबांचा फोन चार्ज करून हातात घेऊन बसायची. त्यावर इंग्रजी मेल येत. फोन त्यांचं मराठी करून दाखवायचा. तिला त्यातलं काही कळत नसे, पण सुरुवातीला बाबांचं नाव असायचं. आज मात्र सगळं कळलं. ‘चिमी अनाथ झाली आहे. इतकी वर्षे तिचा सांभाळ करणारे गृहस्थ वारले. तिला कोणी दत्तक घेईल का? अन्यथा तिला काढून टाकावे लागेल.’

आईने पलीकडच्या गल्लीतून नणंदेला बोलावून घेतलं.

“तरी मला वाटायचंच,” आत्या म्हणाली. “दादा रोज संध्याकाळी दार लोटून करायचा काय?”

“लिनक्सचं काम आहे म्हणायचे.”

“आता ही लिनक्स कोण?”

आईला सांगता येईना. आत्याने फोन हिसकावला आणि बोलून उत्तर धाडलं, “चिमी राहते कुठे? तिच्या घरी कोण कोण असतं?” फोनने इमानेइतबारे त्याचं इंग्रजी केलं आणि त्या मेलच्या यादीतल्या, जगभरातल्या झाडून सगळ्या मंडळींना पाठवलं. मंडळी सज्जन होती. त्यांनी उत्तरं दिली.

‘पूर्वी चिमी साध्या यंत्रांवर असे. आता बहुतेक वेळ ती ढगात असते.’

आईचा हात तोंडावर गेला. “गेली?”

“गेली असती तर दत्तक कुणाला देतायत? पुढे वाच.”

‘शेकडो जण चिमीवर अवलंबून आहेत.’

“कर्तबगार दिसते,” आई हळूच म्हणाली.

‘इतरांप्रमाणे चिमी आपल्या मुलांना मारून टाकत नाही. उत्तर येईपर्यंत थांबते.’

आत्या मटकन खुर्चीत बसली. “वहिनी, तू आजी झालीस!”

यानंतर आईने मुलीला फोन केला होता.

मुलगी घरी पोचली तेव्हा बाबांच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. तिने उभ्याउभ्याच मेल वाचले, मग जमिनीवर बसली आणि हसत सुटली. हसू आवरेना. पुढे पुढे ते हसूही राहिलं नाही, तेव्हा आत्याने पाणी आणून दिलं.

“चिमी प्रोग्रॅम आहे गं,” ती शेवटी म्हणाली. “बाबांनी लिहिलेला. लिनक्स नावाची संगणकप्रणाली वापरणाऱ्या सगळ्यांना फुकट देऊन टाकलेला. सांभाळणारा गेला की प्रोग्रॅमला अनाथ म्हणतात, आणि त्याने सुरू केलेल्या कामांना मुलं. मोठमोठी कामं हल्ली क्लाउडवर चालतात, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या यंत्रांवर. एक यंत्र सुरू व्हायचं तर आधी दुसरं उठलेलं लागतं. ते उठेपर्यंत चिमी थांबते. मधूनमधून हाक मारते. बास, एवढंच.”

“एवढंच?” आत्या म्हणाली. “एवढ्यासाठी दार लोटायचा?”

आईला मात्र नवल वाटलं नाही. मुलीला यायला उशीर झाला की बाबा चपला घालून जिन्यात उभे राहायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, ‘मी कुठे थांबलोय? हवा खातोय.’

“बरं झालं बाई!” आत्याने सुस्कारा सोडला. “दादावर मी कधी संशय घेतलाच नव्हता.”

चादरीवरची नसलेली सुरकुती हाताने सारखी करत आई पलंगापाशी उभी राहिली.

“म्हणजे कोणीच नाही?”

“नाही गं.”

“मी आपली धरूनच चालले होते,” आई म्हणाली. “म्हटलं, रागवायचं ते नंतर बघू. नाक तरी त्यांचं असेल.”

आत्याने चादरीचं दुसरं टोक ओढून नीट केलं.

मुलीने बाबांची खुर्ची ओढली. त्यांनी शिकवलं होतं तेवढं जुजबी प्रोग्रॅमिंग तिला येत होतं. तिने लिहिलं, ‘चिमीला मी घेते. मी त्यांची मुलगी.’

फोन वाजत राहिला. आई एकेक उत्तर मोठ्याने वाचू लागली. ‘स्वागत आहे. चिमी आता अनाथ नाही.’ ते वाचून तिने मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

शेवटचा मेल लांबलचक होता. “हे काय म्हणतायत?” आईने विचारलं.

मुलीने वाचून पाहिलं. “जुनी तक्रार आहे. चिमी थांबते ती थांबतेच, कंटाळतच नाही. बाबांना कितीदा सांगून झालं, त्यांनी ऐकलं नाही. आता तरी ठरवा म्हणतात, किती वेळ वाट बघायची आणि कधी सोडून द्यायचं.”

आईने फोन चार्जरला लावला.

“ठरवू,” ती म्हणाली. “घाई काय आहे?”